बागेत माकड मरून पडलं तर काय करायचं: कोकणातल्या घरांसाठी डास, गोचीड आणि तापाची सविस्तर माहिती

बागेत माकड मरून पडलेलं दिसलं की आपल्याकडं बहुतेक वेळा दोनच गोष्टी होतात, एकतर कुणीतरी काठीनं ढकलत नेऊन व्हाळात टाकतो, नाहीतर ‘कुणीतरी वीख घातलं असणार’ म्हणून विषय तिथंच संपतो. मग थोड्या दिवसांनी वाडीत दोघा-तिघांना ताप आला की व्हॉट्सॲपवर फिरायला लागतं, माकडांमुळं डासांतून नवीन व्हायरस आलाय, सगळी माकडं पकडून न्या. यात थोडं खरं आहे, बरंच उलटसुलट आहे, आणि नेमकं जे करायला हवं ते मात्र राहून जातं. म्हणून हे जरा लांबलचक लिहितोय. काजूची बाग, नारळ-पोफळीचं आगर किंवा नुसतं घरामागं परडं असलं तरी उपयोगी पडेल.

आधी हे समजून घ्या की चावलं कोण

जंगलातल्या माकडांत व्हायरस असतो, डास माकडाला चावतो, मग तोच डास माणसाला चावतो, ही गोष्ट खरी आहे, फक्त ती मुख्यतः आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतली आहे. यलो फीवर म्हणजे पीतज्वर हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. तिकडच्या रानात झाडाच्या शेंड्यावर राहणारे डास असतात, ते झाडाच्या ढोलीत साठलेल्या पाण्यात अंडी घालतात आणि वरच्यावर माकडांना चावत राहतात, माणूस झाड तोडायला गेला की ते डास खाली येतात आणि तिथून माणसात सुरुवात होते. आफ्रिकेतल्या बऱ्याच माकडांना त्याचं फारसं काही होत नाही, पण अमेरिकेतली हाऊलर जातीची माकडं पटापट मरतात. ब्राझीलमध्ये २०१६ च्या शेवटापासून २०१८ पर्यंत मोठी साथ आली तेव्हा रानात माकडं मरून पडायला लागली की आरोग्यखातं त्या भागात लसीकरण जोरात सुरू करायचं, कारण माकड मेलं म्हणजे व्हायरस जवळ आलाय हे माणसाला ताप यायच्या आधी कळायचं. लोकांनी काय केलं, तर घाबरून माकडंच मारली. काही ठिकाणी तर अशी मारलेली माकडं इतकी सापडायला लागली की खरोखर आजारानं मेलेलं कुठलं हेच कळेना.

झिका पण तसाच सापडला. १९४७ साली युगांडात एंटेबीजवळच्या झिका जंगलात यलो फीवरचा शोध घ्यायला मुद्दाम पिंजऱ्यात ठेवलेल्या ऱ्हीसस माकडाला ताप आला, त्याच्या रक्तात हा नवीन व्हायरस मिळाला. ऱ्हीसस म्हणजे उत्तर भारतातलं लालतोंडं माकड. चिकुनगुनियाचं मूळ चक्रही आफ्रिकेच्या रानातलं, माकडं आणि झाडांवरचे डास. डेंग्यूचा रानातला प्रकार मलेशियाच्या जंगलात माकडांत सापडलेला आहे.

आता आपल्याकडचं बघा. यलो फीवर भारतात आजवर कधी नोंदला गेलेला नाही. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका आपल्याकडं आहेत (महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला), पण ते फिरतात माणूस ते डास ते माणूस असे, तिथं माकडाची गरजच पडत नाही. शेजारच्या घरातल्या ड्रममधला डास पुरतो. त्यामुळं पावसाळ्यात वाडीत डेंग्यू आला तर माकडांकडं बोट दाखवून काही उपयोग नाही.

पण आपल्याकडं माकडांचा आणि माणसाचा एक सामायिक व्हायरस आहे आणि तो डासांमधून पसरत नाही, गोचिडीतून पसरतो. तोच माकडताप, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडं मरायला लागली, आसपासच्या गावांत लोकांना जोराचा ताप यायला लागला, आणि पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरची (आताची राष्ट्रीय विषाणू संस्था, एनआयव्ही) माणसं तिथं गेली तेव्हा पहिला संशय यलो फीवरचाच होता, कारण माकडं मरणं आणि माणसांना ताप हे दोन्ही एकत्र दिसलं की त्या काळात पहिलं नाव तेच यायचं. तपासणीत निघाला वेगळाच व्हायरस, यलो फीवरच्याच कुळातला, पण वाहक गोचीड. पुढं तो घाटाच्या कडेकडेनं पसरत गेला, गोव्यात सत्तरी तालुक्यात आला, २०१६ ला आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आणि २०१७ ला बांद्याच्या बाजूला.

तर सोपा हिशोब असा ठेवा: कोरड्या दिवसांत, म्हणजे डिसेंबर ते मे, बागेत-रानात जाऊन आल्यावर ताप आला तर गोचीड डोक्यात ठेवायची, आणि पावसाळ्यात ते दिवाळीपर्यंत ताप आला तर डास. अपवाद असतातच, पण सुरुवात इथून करा.

माकड मेलेलं दिसलं तर

हात लावायचा नाही. काठीनंही नाही. माकडाच्या अंगावरच्या गोचिडी त्याचं अंग थंड पडलं की उतरून आसपासच्या पातेऱ्यात पसरतात, म्हणजे खरा धोका त्या मेलेल्या प्राण्यापेक्षा त्याच्या भोवतालच्या जमिनीत असतो. व्हाळात ढकललं किंवा ओढत रस्त्यावर आणलं तर आपण त्या गोचिडी वाटभर पेरत जातो आणि वर जागा कुठली होती हेही कुणाला कळत नाही.

लांबूनच मोबाईलवर फोटो काढा, लोकेशन ऑन करून. माकड लालतोंडं आहे की काळ्या तोंडाचं वानर, ताजं आहे की वास सुटलाय, एकच आहे की आणखी आहेत, वरून विजेची तार गेलीय का, रस्ता जवळ आहे का, कुत्र्यांनी फाडलंय का, एवढं बघून ठेवा. तारेला चिकटून मेलेलं माकड आणि झाडाखाली आपोआप पडलेलं माकड यात फरक असतो आणि हा फरक सांगितलात तर पुढच्या लोकांचा वेळ वाचतो. तरी शंका असेल तर कळवाच, ‘उगाच कशाला त्रास’ असं करू नका.

कळवायचं वनखात्याला, टोल फ्री नंबर १९२६, किंवा आपल्या बीटच्या वनरक्षकाला थेट फोन. सोबत आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आरोग्यसेवकाला सांगा, आणि पोलीस पाटलांना सांगितलं तर बरंच काम आपोआप पुढं जातं. हे त्याच दिवशी करायचं, कारण माकड जितकं ताजं तितकी तपासणी नीट होते, दोन-तीन दिवस उन्हात पडलेल्या माकडातून फारसं काही हाती लागत नाही. शवविच्छेदन पशुवैद्यकीय डॉक्टर करतात, नमुने थंड ठेवून लॅबला जातात, नंतर ते माकड जाळतात आणि भोवतीच्या पट्ट्यात मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची पावडर मारतात. हे सगळं त्यांचं काम आहे, आपण पुढं होऊन रॉकेल ओतून पेटवायला जाऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये पातेरा इतका वाळलेला असतो की माकड राहिलं बाजूला आणि बाग पेटायची.

तोवर त्या भागात गडी माणसं, पोरं, गुरं, कुत्री जाऊ द्यायची नाहीत. कुत्र्याकडं विशेष लक्ष द्या, ते हमखास वास काढत तिथं जातं आणि अंगावर गोचिडी घेऊन रात्री तुमच्या पडवीत येऊन झोपतं.

काजूच्या दिवसांत स्वतःला कसं जपायचं

इथं जरा सविस्तर लिहितो कारण आपल्याकडचे माकडतापाचे रुग्ण जास्त करून काजूच्या बागेतलेच असतात आणि त्याचं कारण कामाच्या पद्धतीतच आहे. बोंडं गोळा करायची म्हणजे झाडाखाली वाकून, पातेरा हातानं बाजूला करत, आणि एकदा पाटी भरली की तिथंच खाली फतकल मारून बसून बी पिळून काढायची. बाई सकाळी सातला बसली की अकरापर्यंत त्याच पातेऱ्यात असते, साडी किंवा परकर जमिनीला टेकलेला, पाय उघडे. गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, ती गवताच्या नाहीतर पानाच्या टोकावर पाय पसरून वाट बघत असते आणि कपडा घासला की चिकटते. आणि माणसाला जी चावते ती गुरांच्या अंगावर दिसणारी टम्म फुगलेली गोचीड नसतेच बहुतेक वेळा, तिचं पिल्लू असतं, खसखशीच्या दाण्याएवढं, काळपट ठिपका. लक्षात येईपर्यंत ते तासन्तास रक्त पीत बसलेलं असतं.

म्हणून पहिली गोष्ट, बी पिळायला पातेऱ्यात बसायचं नाही. बोंडं पाटीत भरून खळ्यात, मांगराच्या सारवलेल्या जागेत किंवा कातळावर आणा आणि तिथं प्लॅस्टिकचा कागद घालून, नाहीतर सरळ स्टूल घेऊन बसा. एवढा एक बदल केला तरी खूप फरक पडतो. बागायतदारानं सांगितलं तर गडी ऐकतात, पण त्यासाठी बागायतदाराला जास्तीच्या फेऱ्यांची मजुरी द्यावी लागते, खरी अडचण तिथं आहे.

दुसरं, कपडे. फुल पँट, पायजमा किंवा सलवार, पाय मोज्यात खोचलेले, वर गमबूट मिळाला तर उत्तम. रंग फिका असावा, म्हणजे चढणारा काळा ठिपका दिसतो. उन्हाळ्यात मोजे घालून काम करायचं म्हणजे जीव नकोसा होतो हे मान्य, तरी निदान गुडघ्याखालचं अंग झाकलेलं ठेवा. उघड्या भागाला आरोग्य केंद्रात मिळणारं, गोचीड दूर ठेवणारं डीएमपी तेल लावा, किंवा मेडिकलमधलं डीट असलेलं मलम. डीएमपी तेल फुकट वाटतात आणि बऱ्याच घरांत ती बाटली कपाटावर तशीच पडलेली असते, वासाला कंटाळून. घामानं ते उतरतं, त्यामुळं दर दोन-तीन तासांनी परत लावायचं, सकाळी एकदा लावून दिवसभर चालत नाही. डोळ्यांच्या जवळ आणि लहान पोरांच्या हाताला नको.

घरी आल्यावर त्या कपड्यांनिशी बिछान्यावर किंवा झोपाळ्यावर बसू नका. कपडे थेट गरम पाण्यात साबण घालून भिजवा, स्वतः साबणानं अंघोळ करा आणि अंग तपासा: गुडघ्यामागं, कंबरेला नाडी बांधतो तिथं, काखेत, कानामागं, केसांत. एकमेकांचं बघितलं तर लवकर होतं. पिल्लं खूप असतील आणि अजून फिरत असतील तर चिकटपट्टीनं टिपून घ्या.

चिकटलेली गोचीड काढताना चिमटा घ्यायचा, कातडीला अगदी लागून तिचं तोंड पकडायचं आणि सावकाश सरळ ओढायची, पिरगाळायची नाही. रॉकेल, चुना, पेटती विडी, खोबरेल, यातलं काही करू नका, डिवचलेली गोचीड पोटातलं उलट आपल्या अंगात सोडते. नखानं चिरडायची पण सवय मोडा. जागा साबणानं धुवा आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

गुरांचं पण बघायला हवं. मोठ्या गोचिडी गुरांच्या रक्तावर वाढतात, तीच गुरं रानात चरून परत गोठ्यात येतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून गोचिडीचं औषध योग्य मापात घ्या, फवारणीचं औषध अंदाजानं मिसळून गुराच्या पाठीवर ओतणं महागात पडतं. गोठ्यात रानातला पातेरा अंथरत असाल तर त्या दिवसांत भाताचा पेंढा वापरा.

माकडतापाची जुनी लस होती, तिचा पुरेसा परिणाम दिसत नाही म्हणून ती थांबवली, नव्या लसीवर काम चालू आहे. तोवर वर सांगितलं तेच.

आगरातले डास

आता डासांकडं या, कारण पावसाळ्यात खरा त्रास यांचाच. डेंग्यू-चिकुनगुनियाचे दोन डास, दोन्हीच्या पायांवर पांढरे पट्टे. एक घरातला, ड्रम-टाकीत वाढणारा, आणि दुसरा एशियन टायगर म्हणतात तो, बागेतला. आपल्या आगरांत हा दुसरा फार, दिवसाढवळ्या चावतो, सकाळी आणि संध्याकाळी जास्त.

आणि इथं माकडांचा संबंध खरोखर येतो, फक्त लोक समजतात तसा नाही. माकडं कोवळी शहाळी तोडतात, एक भोक पाडून पाणी पितात आणि टाकून देतात. माडाखाली अशी डझनभर शहाळी पडलेली असतात, पावसाचं पाणी त्यात साठतं, आतून सावली, सडका गर, आणि चार दिवसांनी एखादं उलटं करून बघा, ओंजळभर पाण्यात अळ्या वळवळताना दिसतील. फवारणीवाले येतात ते घराभोवती धूर करून जातात, या शहाळ्यांकडं कुणी बघत नाही. करवंट्यांचं तेच, पोफळीच्या पडलेल्या विऱ्यांचं तेच (विरी पडली की तिची मस्त होडी होते आणि वाटीभर पाणी धरते), कापलेल्या बांबूच्या बुंध्याचं तेच, ग्रो बॅगखालच्या ताटल्या, गाडीचे जुने टायर, आणि दोडामार्गात हल्ली रबराच्या बागा झाल्यात तिथं चीक गोळा करायच्या वाट्या. पावसात चीक काढणं बंद असतं तेव्हा त्या वाट्या झाडावर उपड्या करून ठेवायच्या, केरळात २००६-०७ च्या चिकुनगुनियात रबराच्या बागांचा हा अनुभव घेऊन झालेला आहे.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून फिरायचं. रविवार सोयीचा, चाकरमानी आलेले असतील तर त्यांनाही कामाला लावा. पडलेली शहाळी दोन तुकडे करून उताणी न ठेवता पालथी टाका, किंवा खड्ड्यात घालून वर माती ओढा. विऱ्या उचलून जळणाच्या खोपीत. दगडी डोणी आणि सिमेंटच्या टाक्या नुसत्या रिकाम्या करून भागत नाही, आतून काथ्यानं घासा, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी महिनोन्‌महिने टिकतात, पहिला पाऊस पडला की फुटतात. म्हणजे हे घासायचं काम मे महिन्यात एकदा नीट झालं तर जून हलका जातो. विहीर आणि शेततळ्यात गप्पी मासे सोडा, आरोग्य केंद्रात मिळतात, फक्त नैसर्गिक व्हाळात सोडू नका, तिथले स्थानिक मासे संपतात. पागोळीचे पन्हळ साफ करायचे हे तर सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे विसरतात.

ताप आलाच तर

ताप अंगावर काढायचा नाही, पण घाबरून सलाईन लावून घ्यायलाही धावायचं नाही. डॉक्टरांना नुसतं ‘ताप आहे’ सांगू नका, सगळी पार्श्वभूमी सांगा: काजूत काम केलं का, गोचीड चावली का आणि कधी, आसपास माकड मेलं होतं का, भाताच्या चिखलात अनवाणी होतो का, वाडीत कुणाला डेंग्यू आहे का. कोकणात लेप्टो (चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) आणि मलेरिया पण आहेत, पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांचा ताप सारखाच दिसतो, आणि लेप्टोवर वेळेत औषध मिळालं तर माणूस वाचतो, तेव्हा एकाच तपासणीवर अडून बसू नका.

माकडताप गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत येतो, एकदम जोराचा ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, कंबर आणि पोटऱ्या दुखणं, उलट्या, जुलाब, काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. काही जणांना बरं वाटून आठवडा-दोन आठवड्यांनी परत ताप येतो आणि त्या वेळी मान ताठ होणं, हात थरथरणं, गोंधळल्यासारखं बोलणं अशी मेंदूची लक्षणं दिसतात, म्हणून पहिला ताप उतरला की लगेच बागेत जायची घाई नको. मृत्यूचं प्रमाण ३ ते ५ टक्के सांगतात. व्हायरसवर थेट औषध नाही, पण वेळेत ॲडमिट झालं, पाणी-क्षार आणि रक्तस्राव सांभाळला की बहुतेक लोक बरे होतात. माणसाकडून माणसाला तो लागत नाही, त्यामुळं पेशंटच्या घरावर बहिष्कार टाकायचा मूर्खपणा करू नये. रक्ताची तपासणी सुरुवातीच्या दिवसांत पीसीआर, नंतर अँटीबॉडीची. डेंग्यूचंही तसंच, पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन, त्यानंतर आयजीएम. चुकीच्या दिवशी चुकीची टेस्ट केली की रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि माणूस निर्धास्त होतो.

तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन नको, रक्तस्राव वाढतो. पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, कुठूनही रक्त, लघवी कमी होणं, अंग गार पडणं, बडबड, यातलं काही दिसलं की १०८ बोलवा आणि थेट मोठं हॉस्पिटल गाठा, दक्षिण सिंधुदुर्गातून बरेच जण गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला नेतात. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे दोन दिवस जास्त सांभाळायचे असतात हे घरातल्यांना सांगून ठेवा.

जहाजावर जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडं घरटी एखादा मर्चंट नेव्हीत आहे, म्हणून हे वेगळं. यलो फीवर आपल्याकडं नाही पण तो वाहणारा डास आपल्या प्रत्येक ड्रममध्ये आहे, त्यामुळं सरकार याबाबतीत कडक आहे आणि असायलाच हवं. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेच्या त्या पट्ट्यातल्या बंदराला जायचं तर लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, सर्टिफिकेट दहाव्या दिवसापासून धरतात. ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते, मुंबईत पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडं. २०१६ च्या जुलैपासून एकच डोस आयुष्यभर धरतात, जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी चालतं. अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, गरोदरपण किंवा साठीच्या पुढचं वय असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. लसीच्या सर्टिफिकेटचं पिवळं कार्ड सीडीसीच्या (जहाजावरच्या नोकरीच्या पुस्तकाच्या) पाकिटातच ठेवायचं, कारण ते नसताना त्या देशांतून परत आलात तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करतात आणि ‘घरी राहिलंय, फोटो मागवतो’ हे तिथं चालत नाही. परत आल्यावर आठवड्याभरात ताप आला तर गावच्या डॉक्टरांना सगळ्यात आधी बंदराचं नाव सांगा, आणि ताप उतरेपर्यंत दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपा.